शिगेकिचीची बर्फाची भिंत

शिगेकिची उनो जन्मभर रुळांखाली खडी ठोकत आला. तो निवृत्त झाला, त्याचं बोट काही झालं नाही. रेल्वेची सवयच तशी. तपासायच्या वस्तूकडे बोट रोखायचं आणि मोठ्यानं म्हणायचं, "ठीक!" घरीही तेच. गॅस ठीक, दार ठीक, मांजर ठीक.

"माझ्याकडे कधी रोखलं नाहीत ते," बायको तोमिए म्हणे.

"तुझी खात्री कोण देणार?"

काराकुबो स्टेशनावर आता कर्मचारी नव्हता. प्लॅटफॉर्मवरचा बर्फ शिगेकिचीच उपसायचा. नुसता ढीग त्याला चालत नसे. फावड्यानं कापून, थापून तो ओळंब्यात भिंत उभी करायचा. गाडी आली की ओरडायचा, "प्लॅटफॉर्म ठीक!" नियमात ते नव्हतं, पण चालक निवा ते ऐकल्याशिवाय दार लावत नसे.

त्या सकाळी तोमिए मुळ्याच्या लोणच्याचं पिंप घेऊन शहरातल्या स्पर्धेला निघाली. गेल्या साली बक्षीस जाऊबाईंनी नेलं होतं आणि वर्षभर ऐकवलं होतं. ही गाडी चुकली तर परीक्षकांचं चाखणं उरकणार होतं.

गाडी आली. शिगेकिचीनं दोन्हीकडे पाहिलं.

"प्लॅटफॉर्म ठीक!"

गाडी सुटली. भिंतीमागून आवाज आला, "अहो! मी राहिले की!"

वारा चुकवायला ती तिथं बसली होती. पिंप उचलून उठेपर्यंत दार लागलं.

"दिसली नाहीस."

"दिसणार कशी? किल्ला बांधलाय किल्ला!"

रूळ एकेरी, म्हणून खालच्या स्टेशनात समोरची गाडी येईपर्यंत ही थांबते, आणि बर्फात समोरची उशिराच येते. शिगेकिचीनं बर्फ वाहायची घसरगाडी ओढून आणली. तोमिए बसली, पिंप मांडीवर घेतलं. पुढं सगळा उतार.

"ब्रेक कुठाय हिचा?"

"मी."

खालच्या प्लॅटफॉर्मवर दोन पांढरी भुतं पोचली तेव्हा गाडी उभीच होती. निवानं डोकं बाहेर काढलं.

"काका, तुम्हीच ठीक म्हणालात ना?"

"चुकलं," शिगेकिची धापा टाकत म्हणाला.

तोमिएनं दारातून बोट रोखलं. "पिंप ठीक! झाकण ठीक!" मग बोट नवऱ्याकडे वळलं आणि तिथंच थांबलं. दार लागलं.

चढ चढून तो परतला आणि भिंत कमरेएवढी कापली. कड मात्र सरळच ठेवली.

संध्याकाळी तोमिए उतरली. "जाऊबाई दुसऱ्या," एवढंच म्हणाली. मग भिंतीकडे बोट दाखवलं. "ठीक."

"आणि मी?"

"पिंप उचला आधी."