दामूदादांचा रॅमपंखा

दामूदादा मढवी कुणाच्याही घरी गेले की बसण्याआधी टीव्हीच्या पाठीला हात लावून बघत. तळहात नव्हे, हाताची उलटी बाजू. मग फ्रिज, मग स्टॅबिलायझर. "तापलाय," असं स्वतःशीच म्हणत आणि मगच खुर्चीवर टेकत. आमच्याकडे ते पहिल्यांदा आले तेव्हा माझ्या सासूबाईंना वाटलं, केबलवाला आला. कुठलं चॅनेल नीट दिसत नाही याची तक्रार त्यांनी सविस्तर सांगितली. दादांनीही ती शांतपणे ऐकून घेतली, मागची वायर घट्ट करून दिली, आणि मग सांगितलं की मी खाली राहायला आलोय.

दादा मूळचे खाडीकाठच्या गावातले. भावांनी जमिनी गोदामांना दिल्या आणि ते निवांत झाले. दादांना निवांत बसणं जमत नसे. त्यांनी भिवंडीत पत्र्याचं छोटं वर्कशॉप टाकलं होतं आणि यंत्रमागांचे सुटे भाग ते बनवत. पण दोन हजार पाच-सहाच्या सुमारास जुने माग भंगारात जायला लागले आणि वर्कशॉपमधला पत्रा दाबायचा प्रेस दिवसेंदिवस झाकलेला राहू लागला. दादा त्याबद्दल बोलत नसत. त्यांच्या बायकोच्या, सुलोचनावहिनींच्या बोलण्यातून मला ते कळायचं.

मी तेव्हा घरीच कॉम्प्युटरवर पडद्यांच्या आणि सोफ्याच्या कापडाची नक्षी काढून यंत्रमागवाल्यांना देत असे. आमची खोली सगळ्यात वर, डोक्यावर सिमेंटचे पत्रे. मोठी नक्षी उघडली की कॉम्प्युटर विचारात पडे आणि मी तेवढ्यात भाजी निवडून घेई. एकदा दादांनी ते पाहिलं आणि त्यांना राहवेना. सायबर कॅफेत बसून, अडतील ते इंग्रजी शब्द मला विचारत, त्यांनी ओव्हरक्लॉकिंग नावाची विद्या मिळवली. कंपनीने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा कॉम्प्युटरची मेमरी, म्हणजे रॅम, जास्त वेगाने चालवायची. हे कळल्यावर दादांच्या चेहऱ्यावर आलेला आनंद मला अजून आठवतो. "म्हंजे कंपनीवाला आपल्याला हलू चालवायला देतो," ते म्हणाले. "आपन का म्हनून हलू चालवायचा?"

त्यांनी माझ्या मशीनच्या सेटिंगमध्ये शिरून रॅमचा वेग वाढवला. नक्षी खरोखरच लवकर उघडू लागली. दुपारी मात्र कॉम्प्युटर मध्येच थिजायचा आणि माझं काम पुसलं जायचं. दादांनी रॅमला उलटा हात लावला, चटका बसल्यासारखा मागे घेतला, आणि निदान केलं की हिला गार वारा पाहिजे. दोनच दिवसांत ते एक अजब वस्तू घेऊन आले. अॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्याचं जाकीट, त्यावर चिमटीत मावतील असे दोन पंखे. संध्याकाळ होती. त्यांनी जाकीट रॅमवर चढवलं, सेटिंगमध्ये व्होल्टेज एक पायरी वाढवलं, आणि मशीन जे सुरू झालं ते अडखळलंच नाही. सासूबाईंनी सगळ्यांना सरबत केलं.

त्याच आठवड्यात वर्कशॉपच्या प्रेसवरचं झाकण निघालं. दादांनी होता नव्हता तेवढा पत्रा त्या जाकिटांना लावला, पंख्यांची मोठी खेप मागवली. भिवंडीत कॉम्प्युटरचं प्रदर्शन भरणार होतं, तिथे एक टेबल घेतलं आणि पेंटरकडून पाटी रंगवून घेतली: 'रॅमपंखा. मेमरीचा वेग वाढवा.' वहिनी कितीतरी दिवसांनी माझ्याशी हसून बोलल्या. मुंबईचा एक व्यापारी येऊन माल बघून गेला. बहुतेक सगळा माल तोच उचलणार होता.

मला एक शंका होती आणि ती बोलावी की नाही हे कळत नव्हतं. पंखा बसवला तो संध्याकाळी, हवा गार झाल्यावर. शिवाय त्याच वेळी व्होल्टेजही वाढवलं होतं. मग गुण आला तो नक्की कशाचा? शेवटी एकदा जिन्यात मी त्यांना हे विचारलं.  दादा तसेच खाली निघून गेले. मला वाटलं, आपण एका चांगल्या माणसाला दुखावलं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी ते पेचकस घेऊन दारात. "चल बाय," म्हणाले, "पंखा काढून बघू."

पुढचे काही दिवस आमच्या खोलीची प्रयोगशाळा झाली. रॅममध्ये चुका होतात का ते तपासणारा एक प्रोग्राम आम्ही लावून ठेवत असू, कधी पंख्यासह, कधी पंख्याशिवाय, बाकी सगळं तसंच ठेवून. सकाळी बघितलं, दुपारी बघितलं. पंखा असो की नसो, वेग तोच. वेग आणखी एक पायरी चढवायला गेलं की पंखा असूनही मशीन सुरूच होईना. व्होल्टेज पुन्हा उतरवलं तर पंखा असूनही मशीन थिजलं, म्हणजे खरं काम वाढवलेल्या व्होल्टेजने केलं होतं. फरक पडत होता तो फक्त रणरणत्या दुपारी, पत्र्याखाली. तेव्हा पंख्याशिवाय चुका दिसायच्या आणि पंखा लावला की त्या थांबायच्या.

दादांनी पंखा काढून तळहातावर घेतला. मग म्हणाले, "पलवत न्हाय. पन उन्हात पडू देत न्हाय."

हे त्यांनी व्यापाऱ्यालाही जसंच्या तसं सांगितलं. वर्कशॉपमध्ये मी आणि वहिनी तिथेच होतो. व्यापारी हसला. माल मी घेतोच आहे, त्याने समजावलं, खोक्यावर फक्त वेग वाढतो असं छापा, बाकीचं माझ्यावर सोडा. "दादा, लिखने में क्या जाता है?"

वहिनींनी दादांकडे पाहिलं. त्या नजरेत काय होतं ते मला कळत होतं, कारण झाकलेला प्रेस मीही पाहिला होता.

दादांनी एक जाकीट उचललं, बोटांनी फिरवून पाहिलं. "मना ठाऊक नसता तर लिवला असता," ते म्हणाले. "आता ठाऊक हाय."

व्यापारी चहा न घेता गेला. वहिनी त्या दिवशी दादांशी बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र पेंटरकडे त्या स्वतःच गेल्या आणि पाटी बदलून आणली. प्रदर्शनात दादांच्या टेबलावर नवी अक्षरं झळकत होती: 'याने कॉम्प्युटर पळत नाही. उन्हात टिकतो.' लोक थांबून वाचत, हसत आणि पुढे जात. मात्र ज्यांची ऑफिसं पत्र्याखाली होती असे काही मागवाले थांबले, आणि त्यांनी पंखे नेले. उरलेला ढीग बराच मोठा होता. त्यातले पंखे दादांनी ओळखीपाळखीत वाटून टाकले. आमच्या सासूबाईंच्या देव्हाऱ्यातही एक आला. समईच्या धगीने देवाचा फोटो तापतो, असं दादांचं म्हणणं होतं.

वर्षभरात बाजारात तसाच रॅमपंखा आला, चकचकीत खोक्यात, वेग वाढण्याच्या मोठ्या दाव्यासह. तो धडाधड खपला. दादांनी एक विकत आणला, खोलून पाहिला, माझ्या मशीनवर लावून आणि काढून पाहिला. त्यांना राग येईल असं मला वाटलं होतं. ते म्हणाले, "पंखा चांगला हाय. खोका खोटा हाय." एवढंच. पुढे त्यांनी तो प्रेस गोदामांच्या शटरच्या पट्ट्या बनवायला लावला आणि घर चाललं.

पुढे गुडघे धरले तेव्हा दादा वर्कशॉप भाच्याच्या हाती देऊन वहिनींच्या माहेरी, अकलोलीला राहायला गेले. तिथल्या गरम पाण्याच्या कुंडात पाय सोडून बसलं की सांधे मोकळे होतात म्हणतात. मी वज्रेश्वरीला देवीच्या दर्शनाला गेले होते, तेव्हा वाट वाकडी करून त्यांना भेटायला गेले. दादा कुंडाच्या काठावर सापडले. डावा पाय गुडघ्यापर्यंत वाफाळत्या पाण्यात आणि उजवा काठावर कोरडा, लांब केलेला. पंचवीसेक माणसं दोन्ही पाय बुडवून बसलेली, आणि मधे हे असे.

मी शेजारी बसले आणि काही विचारण्याआधीच मागे टॉवेल घेऊन बसलेल्या वहिनी म्हणाल्या की महिना झाला, हे असंच चाललंय, लोक हसतात.

"मग काय निघालं?" मी विचारलं.

दादांनी दोन्ही गुडघ्यांवर हात फिरवला. "दोनी सारखेच दुकतान," ते म्हणाले. "पन डाव्याची मजा हाय."

आणि त्यांनी उजवा पायही पाण्यात सोडला.