जिंतूर रोडला ठेवलेला शर्ट

दादाचा फोन आला की आई पदराला हात पुसत यायची आणि बाबा खुर्चीतून उठून भिंतीला टेकून उभे राहायचे. जर्मनीहून परभणीला लागलेला कॉल मध्येच कधी तुटेल सांगता यायचं नाही, म्हणून प्रत्येकाने काय बोलायचं ते आधीच ठरवलेलं असे. त्या भाद्रपदात दादाचंही ठरलेलं होतं. कारखान्यातलं त्याचं ट्रेनिंग संपत आलं होतं. तो म्हणाला, "मी विमानाने येत नाही. मोटरसायकलवर येतो."

बाबांनी रिसीव्हर माझ्या हातात दिला.

"मॅडम," दादा म्हणाला. मी इंग्रजी शाळेत जायला लागले तेव्हापासून तो मला असंच चिडवायचा. "बाबा शेजारीच उभेत का?"

"हो."

"चिडलेत?"

"हो."

"लय?"

"हो."

"मग ऐक. ऑस्ट्रिया, युगोस्लाव्हिया, बल्गेरिया, तुर्कस्तान, इराण, पाकिस्तान, अमृतसर. तुझा ॲटलास काढ आणि बाबांना दाखव. ते नको म्हणाले तर गाडी इथंच विकतो आणि विमानात बसतो. पण नीट बघून नको म्हणू दे त्यांना."

मी परत "हो" म्हणाले आणि फोन तुटला. बाबांनी विचारलं, काय म्हणाला? मी म्हणाले, "काळजी करू नका म्हणाला." घरात खरं बोलायला मला नेहमीच वेळ लागायचा.

ॲटलास मी काढला, पण एकटीनेच. पेन्सिलीने बारीक ठिपके देत दादाच्या म्युनिकपासून निघाले. इस्तंबूलपर्यंत नकाशा बराचसा हिरवा होता, पुढे पिवळा, मग तपकिरी. तपकिरी म्हणजे डोंगर आणि डोंगरात लवकर बर्फ पडतं, हे मला ठाऊक होतं. इराणची इराकशी लढाई चालू होती. दादाचा रस्ता तिथून वरच्या अंगाने जात होता. पण नकाशावर लढाई आणि रस्ता यांच्यामध्ये माझा अंगठा मावेल एवढीच जागा होती. मी अंगठा ठेवून पाहिला होता.

पुढच्या फोनवर दादाने सांगितलं की कारखान्यातला एक जर्मन मित्र आपली गाडी घेऊन सोबत येणार आहे. पाकिस्तानचा व्हिसाही मिळाला होता. कुणाकुणाच्या पाया पडून मिळवला ते त्याने सांगितलं नाही. मात्र त्याची मुदत थोडी होती आणि बर्फही थांबणार नव्हतं. दसऱ्यानंतरच्या रविवारी तो शेवटचा फोन करणार होता. त्या फोनवर बाबांनी हो किंवा नाही सांगायचं.

बाबा नकाशाकडे फिरकले नाहीत. जेवताना मात्र बोलायचे. "इथं विद्यापीठाच्या नामांतरावरून बंद झाला की औरंगाबादची गाडी जिंतूरच्या पुढं जाईल का याचा भरवसा न्हाई, आणि हे साहेब लढाईतून फटफटी काढणार!" आई ताटाकडे बघत राहायची. इराणची बातमी असलेलं पान आतल्या बाजूला जाईल अशी पेपरची घडी बाबा घालायचे. मी पेपर उघडायचे तेव्हा नेमकं तेच पान जास्त चुरगळलेलं असायचं.

दसऱ्याच्या दिवशी बाबा ऑफिसातल्या लोकांना सोनं द्यायला गेले आणि आईने मला आत बोलावलं. एका धुतलेल्या फडक्यात तिने दादाचा कॉलेजातला चौकटीचा शर्ट ठेवला. वर मूठभर तांदूळ, हळकुंड, सुपारी. गाठ मारली.

"हे काय?"

"प्रस्थान. मुहूर्त आज आहे आणि माणूस आज निघू शकत नाही. मग त्याचं सामान पुढं काढून ठेवायचं, ज्या दिशेला जायचं त्या दिशेच्या एखाद्या घरी. म्हणजे तो निघालाच असं धरतात. इंग्रजी शाळेत नाही का शिकवलं?"

"पण आई, त्याला तर आपल्याकडेच यायचंय. मग दिशा कुठली?"

आई थबकली. पूर्वेला ठेवावं, तो पूर्वेकडे निघणार, असं ती आधी म्हणाली. मग म्हणाली, पूर्वेला ठेवलं तर तो घर ओलांडून पुढं जायचा. शेवटी आम्ही ठरवलं की तो ज्या रस्त्याने गावात शिरेल तिथं ठेवायचं, म्हणजे घरी येताना तोच उचलून आणेल. औरंगाबादकडून येणारा माणूस जिंतूर रोडने येणार. जिंतूर रोडला आईची चारठाण्याकडची एक चुलत बहीण राहायची. गाठोडं मी तिच्याकडे पोचवलं.

बाबांना रविवारी सकाळी बाजारात कळलं. मावशीच्या नवऱ्याने भर चौकात विचारलं, "काय साहेब, पोरगं निघालं म्हनायचं!"

ते घरी आले तेव्हा पिशवीत भाजी नव्हती. "मी हो म्हणालो नाही आणि तुम्ही त्याला वाटेला लावून मोकळ्या! जा, आण ते परत."

"मी आणायची नाही," आई म्हणाली. "प्रस्थान जाणाऱ्याशिवाय परत उंबऱ्याच्या आत घेत नसतात. त्यानं त्याचंच वाईट होतं."

"असलं काही होत नसतं."

"मग तुम्हीच आणा की."

असलं काही होत नाही म्हणणारे बाबा चपला घालायला मात्र उठले नाहीत. मग दोघांनीही माझ्याकडे पाहिलं. "ही आणेल," बाबा म्हणाले. "संध्याकाळी फोन येण्याआधी."

ऑटोने मी जिंतूर रोडला गेले. मावशीने दारातच ओळखलं. गाठोडं कोनाड्यात होतं, देवांच्या शेजारी.

"न्यायला आलीस का? ने बाई. तुमच्या घरचं हाय. पर खरं सांग, पोरगं यायलंय का न्हाई?"

"बाबा नको म्हणतायत."

"आन् तुझं काय म्हननं हाय?"

मी कोनाड्याजवळ गेले, गाठीला हात लावला. घरात तो सगळा रस्ता पाहिलेली मी एकटीच होते, आणि म्हणूनच घरात सगळ्यात जास्त मी घाबरले होते. गाठोडं तिथंच ठेवलं आणि त्या तपकिरी भागात दादाचं काही बरंवाईट झालं, तर ते माझ्या हातून झालं असतं. उचललं असतं तर दादा विमानाने सुखरूप आला असता, आणि मी बाबांना नकाशा दाखवलाच नाही म्हणून मला जन्मभर मॅडम म्हणताना त्याने खाली बघितलं असतं. दादाने मागितलं होतं तेवढंच मला आठवलं. नीट बघून नको म्हणू दे.

"राहू दे," मी म्हणाले. चहाही न घेता निघाले.

बाबा फोनजवळच बसले होते. माझे रिकामे हात त्यांनी पाहिले.

"नाही आणलं," मी म्हणाले. "तुम्ही आधी नकाशा बघा. मग नको म्हणा. मग मी आणते."

आई स्वयंपाकघराच्या दारात आली. बाबांशी मी एका दमात एवढं कधीच बोलले नव्हते. ॲटलास त्यांच्या मांडीवर उघडून ठेवला. त्यांनी चष्मा लावला. बराच वेळ ठिपक्यांवरून बोट फिरवत राहिले.

"बर्फ कुठं?"

मी दाखवलं.

"आणि लढाई?"

मी अंगठा ठेवला. त्यांनी माझा अंगठा बाजूला करून आपला ठेवला. त्यांचा मोठा होता, मावला नाही. तेवढ्यात फोन वाजला.

बाबांनीच उचलला. पलीकडून दादा काहीतरी भराभर बोलत होता. बाबा ऐकत राहिले, आणि इतके ऐकत राहिले की लाईन जाईल म्हणून आईने पदर तोंडाला लावला.

"दोघं आहात ना? अंधार पडल्यावर गाडी चालवायची नाही," बाबा ओरडले. "आणि तुझा शर्ट जिंतूर रोडला मावशीकडं ठेवलाय. येताना घेऊन ये."

फोन तुटला. रिसीव्हर हातात तसाच धरून त्यांनी मला विचारलं, "ऐकू गेलं असेल का गं त्याला?"

मला माहीत नव्हतं. "गेलं असेल," मी म्हणाले.

पौषात दादाने गाठोडं स्वतः उंबऱ्याच्या आत आणलं. तांदळाला कीड लागली होती. आईने ते उन्हात पसरले, निवडले आणि त्याच दिवशी शिजायला लावले.