मामांची ओहोटी

समुद्राला स्वतःबद्दल जेवढं ठाऊक नसेल, तेवढं आमच्या थोरल्या मामांना समुद्राबद्दल ठाऊक होतं. निदान त्यांचं म्हणणं तसं होतं, आणि ते खोडून काढायची आमच्या घराण्यात कुणाची छाती नव्हती. जन्म अलिबागचा, नोकरी मुंबईच्या गोदीत, आणि इस्राएल झाल्यावर आम्हा कोकणी ज्यूंच्या पहिल्या काही खेपांबरोबर येऊन रामल्याच्या सिमेंट कारखान्यात. रामल्याला समुद्र नाही, पण मामांचं त्यावाचून काही अडलं नाही. सकाळी चहाचा पेला घेऊन ते दारात येत, एक बोट ओलं करून वाऱ्यात धरत आणि भरती लागल्याचं शेजारच्या मोरोक्कोवाल्यांना जाहीर करत. शेजारी ‘बेसेदर’, म्हणजे बरं बरं, म्हणून कामाला जात. तिथीची पाऊणपट करून भरतीचा तास काढायची कोकणी रीत मामांच्या जिभेवर होती, आणि इथलं पंचांगही चंद्रावरच चालतं हे कळल्यापासून तर त्यांची मान ताठ झाली होती. ‘हे सरकार तिथीवर चालतं, तिथीवर,’ असं ते कारखान्याच्या साहेबालाही मराठीतून ऐकवत.

मामी मात्र इथे रमली नव्हती. बाजारात भाषा कळेना, नळाचं पाणी गोठल्यासारखं, आणि सांगायला जवळचं माणूस नाही. आमच्यातली काही कुटुंबं परत निघाली, तेव्हा तिनेही ट्रंक भरली. मामा चिडले नाहीत. त्यांनी एकच मागितलं, इथल्या पंचांगातल्या शेवाट महिन्याच्या पुनवेला एलियाहू हन्नाबी या आमच्या प्रेषिताच्या नावाचा मलिदा, म्हणजे नैवेद्य, केसारियाच्या समुद्रातल्या खडकावर करायचा. तिथलं पाणी ओहोटीला आपल्या अलिबागच्या कुलाबा किल्ल्यासारखं वाट देतं की नाही, ते बघायचं. ‘आपलाच समुद्र निघाला तर ऱ्हायचं,’ ते म्हणाले, ‘परका निघाला तर मी सोता तुला अलिबागेला पोचवतो.’ मामीने मान डोलावली, पण ट्रंक सोडली नाही.

दोन बस बदलून मामा, मामी आणि मी असे तिघे केसारियाला उतरलो. वाट सोपी, सपाट वाळूची, लहान मुलानेही चालावी अशी. मामांनी मात्र लोकरी सूट, टाय आणि हातात वेताची काठी असा जामानिमा केला होता, कारण समुद्राला भेटायला जाताना माणसाने नीट जावं. डावीकडे रोमन काळच्या कमानींची रांग होती, डोंगरातलं पाणी शहरात आणणारी. मामांनी ती बारकाईने तपासली आणि पाट चांगला बांधलाय, पण आपल्या चौलच्या वाडीवाल्यांनी याहून कमी दगडांत भागवलं असतं, असा निकाल दिला. पाणकाठच्या शेपटी हलवणाऱ्या पाखरांना त्यांनी ‘धोबी’ म्हणून हाक मारली. ती उडाली, तेव्हा त्यांना मराठी कळतं याचा तो पुरावा ठरला. एक खेकडा वाळूतल्या बिळात शिरला, तसं ते मामीला म्हणाले, बघ, कुर्लीसुद्धा तीच. मामी परडीतला मलिदा सांभाळत चालत होती. गोड पोहे, ओलं खोबरं, वेलची, वर खजूर आणि केळी. तिने कुर्लीकडे पाहिलं खरं.

जुन्या बंदराचा एक बुडालेला तुकडा खडकासारखा वर आला होता. मध्ये गुडघाभर पाणी. मामांनी पाणरेषेवर काठी रोवली, दिवस मावळायला पूर्ण ओहोटी आहे असं सांगितलं आणि आम्हाला बसवलं. आम्ही बसलो. ऊन उतरलं, पाणी तिथेच. अवशेषांवरचा पहारेकरी येऊन कशाची वाट बघताय म्हणून विचारून गेला. मामांनी हातवारे करून ओहोटी समजावली, तेव्हा तो हिब्रूत म्हणाला की समुद्र बाजूला झाला तो मोशे प्रेषिताच्या वेळी, आणि तोही दुसरा समुद्र होता.

सूर्य पाण्याला टेकला. काठी होती तिथे आणि पाणीही होतं तिथे. मामा उठले, कोट झटकला. त्यांना हरलेलं मी प्रथमच पाहत होतो आणि मला ते अजिबात सोसलं नाही.

‘परका निघाला गं,’ ते म्हणाले. ‘मी शब्द दिलाय. जाऊ आपण.’

मामीने लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलं, परडी डोक्यावर घेतली आणि सरळ पाण्यात शिरली. मध्यावर थांबून तिने मागे पाहिलं.

‘तिकडचा समुद्र मागं सरायचा, अहो. इथला नाय सरत, तर आपण पुढं व्हायचं. बूट काढा.’

मामांनी बूट काढलेच नाहीत. सुटाबुटात, टायसकट, ते पाण्यात उतरले, त्यांच्यामागे मी, आणि खडकावर चढून त्यांनी असा खणखणीत आशीर्वाद म्हटला की पहारेकऱ्याने लांबून टोपी काढली. माझी छाती अभिमानाने भरून आली होती. थंडीने दात वाजत होते तरीही.

ट्रंक रिकामी झाली आणि पुढे तीत गाद्या राहिल्या. ओहोटी झालीच होती, दोन बोटं, बारकाईनं बघायला लागतं, असं मामा अखेरपर्यंत सांगत राहिले. आता ते रामल्याच्या मातीत आहेत. शेवाटच्या पुनवेला मी मामीला केसारियाला नेतो. ती त्यांची काठी पाण्याच्या कडेला रोवते, बराच वेळ बघत बसते आणि म्हणते, ‘सरलं बघ, दोन बोटं.’ मी वाकून बघतो आणि हो म्हणतो.