आमच्या गावची देवी चोरीला गेली तेव्हा

ते प्रकरण अजून माझ्या डोक्यातून गेलेले नाही. मी चौथी शिकलेली. नवऱ्यामागे गावची पोलीस पाटीलकी माझ्याकडे आली आणि वय होईपर्यंत मी ती केली. भांडणे, सर्पदंश, विहिरीतली प्रेते पुष्कळ पाहिली. देवी चोरीला गेल्याची वर्दी मात्र एकदाच आली.

आमचे गाव आर्णीच्या बाजूला. गावाबाहेर काळ्या दगडाचे हेमाडपंती देऊळ आहे. चुन्याचा थेंब नाही. दगडाला खाच पाडून त्यात दुसरा दगड बसवलेला. पांडवांनी ते एका रात्रीत बांधले, असे गावात सांगतात. आत देवीचा तांदळा होता, शेंदराचा मोठा ओबडधोबड गोळा. त्याला चांदीचे डोळे. नाक नाही, हात नाहीत. पहिल्या वेचणीचा कापूस आधी तिच्यापुढे ठेवायचा, मग घरी न्यायचा. तांड्यावरचे आणि कोलामांच्या पोडावरचे, त्यांच्या वस्तीवरचे, लोकही येतात.

त्या सकाळी तांदळा नव्हता. त्याच्या जागी काळी, कोरीव मूर्ती उभी होती. ती गावाने कधी पाहिलेली नव्हती. लोक म्हणाले, खरी देवी विकली आणि ही ठेवली. किल्ली फक्त गुरवाकडे, आणि म्हातारा तोंड उघडेना. मी ठाण्याला फोन केला, दारात बसले आणि कुणाला आत जाऊ दिले नाही.

फाट्यावरच्या पंक्चरवाल्या चाचांनी मला हळूच सांगितले, "पाटलीणबाई, गुरवबुवा सकाळी सायकलवर पोतं घेऊन नदीकडं गेलते. मले वाटलं, ढोराईचं कुटार असन."

"जड होतं?"

"सायकल लोटतच नेत होते. बसता नाही आलं बिचाऱ्याले."

ठाणेदार साहेब जीप घेऊन आले. जमाव पाहून म्हणाले, "टाका याला गाडीत." बाहेर लोक बाह्या सावरून उभे होते. म्हातारा गाडीपर्यंत धड पोचला नसता. मी म्हटले, "साहेब, आधी मी विचारते," आणि गुरवाला गाभाऱ्यात घेऊन बसले.

खोटे बोलणारा माणूस प्रश्न संपायच्या आधी उत्तर देतो. हा उत्तरच देत नव्हता. हा विकणारा नाही, भ्यालेला आहे, हे मी ओळखले.

"बुवा, पोतं नदीवर नेलं ते मले माहीत हाय. काय होतं त्यात?"

त्याने धोतराच्या सोग्यातून चांदीचे डोळे काढून माझ्या हातावर ठेवले. "देवीच्या अंगावरची खोळ होती बाई. दिवा लावाले आलो तं सारा शेंदूर गळून खाली पडेल होता. देवीनं खोळ टाकली का लोकं म्हणते, गुरवाचं पाप. म्हणून गुपचूप बुडवली. नवा शेंदूर लावाव म्हटलं, तं तेवढ्यात लोकं आले."

साहेब दारातून म्हणाले, "गोष्ट चांगली आहे. पुरावा?"

आणून बसवलेल्या दगडाला सांधा असतो. मी नारळाची करवंटी घेतली आणि मूर्तीच्या पायाशी साचलेला तेला-शेंदराचा थर खरवडू लागले. पायापासून बैठक, बैठकीपासून जमीन, जमिनीपासून भिंत. सांधा कुठेच लागेना. शेवटी बोटे भिंतीखाली अडली. सगळा एकच दगड होता. देवी खालच्या खडकातच कोरलेली, आणि भिंती त्याच खडकावर उभ्या. आधी ती, देऊळ नंतर.

साहेबांनी टॉर्च धरला. पैंजणाचा मणी न् मणी वेगळा दिसत होता. साहेबांनी टोपी काढली. माझ्या अंगावर काटा आला. पांडवांचे मी तेव्हाही मानत नव्हते. हे माणसांनी केले, छिन्नी घेऊन, एका रात्रीत नव्हे. काटा त्याचाच होता.

सगळ्यात जास्त ओरडणाऱ्यांना मी एकेक करून आत घेतले आणि हात फिरवायला लावला. बाहेर जाताना कुणी ओरडले नाही. एकाने दारातच विचारले, "मग आता शेंदूर लावाव का नाही?"

गुरव डोळे पुसत म्हणाला, "तिलेच इचार ना बाप्पा. आजवर आपण न इचारताच लावला."

लोक हसले. मग मी चांदीचे डोळे गुरवाच्या हातात परत दिले. साहेबांनी पंचनाम्यात लिहिले, चोरी झालेली नाही.

शेंदूर पुन्हा लागला नाही. दिवा अजून तोच म्हातारा लावतो. मी त्या प्रकरणातून एवढेच घेतले की काही गेले अशी ओरड झाली, तर आधी जागेवर काय उरले आहे ते हाताने चाचपावे. आमचे तर काही गेलेच नव्हते. जिच्यापुढे जन्मभर कापूस ठेवला, ती आम्हाला त्या दिवशी पहिल्यांदा दिसली.