दादांनी दुसरा काहून खाल्ला?

दत्तादादा गेल्याची बातमी आली तेव्हा मी आखाडा बाळापूरच्या बाजारात मेथीच्या जुड्या उलटसुलट करून बघत होतो. फोन त्यांच्या पुतण्याचा होता. "मास्तर, दादा गेले. सकाळी चहा घेतला अन् बसल्या जागी..." एवढंच बोलून तो रडायला लागला. खरं सांगायचं तर माझ्या मनात आधी दुःख आलंच नाही. 'आता सांगायचं राहिलं ते राहिलंच,' हा विचार पहिला आला. मग त्या विचाराची लाज वाटली, मग रडू आलं, आणि मेथी तिथेच टाकून मी डोंगरकड्याची गाडी धरली. महिना उलटून गेला तरी मला कळत नाही, मी रडलो ते दादांसाठी की स्वतःसाठी.

दादा डोंगरकड्यातले माझे शेजारी, माझ्याहून आठ वर्षांनी मोठे, हळद आणि केळी पिकवणारे. मी तिथल्याच शाळेत इंग्रजी शिकवत आयुष्य काढलं, म्हणून त्यांच्या तोंडी मी कायम मास्तर. एके काळी त्यांच्या शेतातून मटणाच्या रश्श्याचा वास आला की माझे पाय आपोआप तिकडे वळायचे. पुढे त्यांच्या आईने अंथरुणाला खिळल्यावर मुलाकडे एकच मागणं मागितलं, आणि दादांनी नरसीच्या मंदिरात महाराजांपुढे जाऊन गळ्यात तुळशीची माळ घातली. माळ घातली म्हणजे मांस-मच्छी बंद, अंडंसुद्धा बंद. अठरा वर्षं त्यांनी ती इतकी कडक पाळली की ज्या हॉटेलात आमलेटचा तवा दिसेल तिथे चहादेखील घेत नसत. मी आत खात बसलो की बाहेरून हाक यायची, "मास्तर, उरका की. पोट हाय का कणगी?"

तीन वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या हळद उत्पादकांच्या गटाने सिंगापूरला माणसं पाठवायचं ठरवलं. गटाचे अध्यक्ष म्हणून दादा आणि इंग्रजी बोलायला मी, असे दोघे गेलो. वहिनींनी बरोबर दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी दिली होती. चार दिवस दादा खोलीत पलंगावर मांडी घालून तेच खात होते. शेवटच्या दिवशी हळद घेणाऱ्या व्यापाऱ्याने जेवायला बोलावलं. वयस्कर, हळू बोलणारा चिनी माणूस, त्याला नाही म्हणणं बरं दिसलं नसतं. निघताना दादा म्हणाले, "मला तिथलं काई कळणार न्हाई. तुमी म्हणताल ते खाईन, तुमी नको म्हणताल ते ठिवीन." मी अगदी सहज मान डोलावली.

हॉटेल उंच इमारतीच्या पार वरच्या मजल्यावर होतं. काचेच्या भिंती, खाली समुद्रात उभी जहाजं, पांढरे हातमोजे घालून वाढणाऱ्या मुली... जन्मभर इंग्रजी शिकवूनही मेनूकार्डावरचं मला निम्मं कळेना. माळेबद्दल मी यजमानांना आधीच सांगितलं होतं, त्यांनीही वाढणाऱ्या मुलीला त्यांच्या भाषेत काहीतरी बजावलं. मग बांबूच्या वाफाळत्या टोपल्या एकावर एक रचून आल्या. डिमसम म्हणजे आपल्या उकडीच्या मोदकाच्या जातीचंच प्रकरण, पातळ पारीत सारण भरून उकडलेलं. दादांनी आधी टोपलीचं झाकण उलटं करून विणकाम पाहिलं. "बुरडाचं काम हाय हो. लै बारीक इणलंय." यजमान स्वतः उठून आमच्या ताटात वाढत होते, टोपल्या पुढे सरकवत होते. दादा खुलले. "आपल्यावानीच आग्रह करून राहिले की!"

एका टोपलीत पांढरे होते, एकीत हिरवेगार. मी विचारायला हवं होतं. विचारलं नाही, कारण मास्तरला येत नाही असं दादांना दिसलं असतं. आपल्याकडे पाकिटावर हिरवा ठिपका असला की डोळे झाकून खायचं, माझ्या डोक्यात तोच ठिपका. "दादा, हिरवे आपले. पालकाचे आहेत, बिनधास्त घ्या," मी छातीठोकपणे सांगितलं. त्यांनी काड्या बाजूला ठेवल्या, हाताने एक उचलून तोंडात टाकला. दोनदा चावून थांबले. माझ्याकडे पाहिलं. मग गिळला. यजमानांनी कोणती ते न बघताच टोपली आणखी पुढे सरकवली आणि दादांनी दुसरा उचलला. तो सावकाश खाल्ला, आणि हात धुवायला उठले. तेवढ्यात ती मुलगी लगबगीने आली आणि पांढऱ्या टोपलीकडे बोट करून मला म्हणाली, त्या पाहुण्यांसाठी हे आहेत, मश्रूमचे. हिरव्यांत कोळंबी आहे.

मी हिरव्या टोपलीवर झाकण ठेवलं. दादा आले, "पोट भरलं" म्हणाले, नुसता चहा घेतला. मी काही बोललो नाही. विमानात बोललो नाही, गावात आल्यावर बोललो नाही. त्यांना कळलंच नसेल, अशी मनाची समजूत काढत राहिलो. पण कळलं नसेल तर चावताना थांबले का? आणि कळलं असेल तर दुसरा का घेतला? यजमानांचा मान राखायला? माझा? की अठरा वर्षं गप्प बसवलेली जीभ त्या दिवशी उठून बसली? त्यानंतरही कुठे लग्नकार्यात बसलो की ते ताटाकडे बोट करून विचारायचे, "मास्तर, हे चालंल का?" तेव्हा मला जमिनीने दुभंगून पोटात घ्यावं असं वाटायचं. एकदा त्यांच्या शेतात हळद शिजत असताना मी धीर करून सुरुवात केली, "दादा, सिंगापूरला त्या दिवशी..." तर म्हणाले, "धूर डोळ्यात जाऊन राहिला तुमच्या, इकडं सरका." मी सरकलो आणि विषय तिथेच राहिला.

तेराव्याला घरात माणसं होती. म्हणून गेल्या आठवड्यात वहिनी एकट्या असताना गेलो. त्या स्वयंपाकघरात तूर निवडत बसल्या होत्या. खाली बघतच मी सगळं सांगितलं. त्यांचा हात थांबला नाही.

"मला ठावं हाय, भावजी."

परत आल्यावर तिसऱ्याच दिवशी दादा नरसीला गेले होते. महाराजांपुढे चूक सांगून जुनी माळ उतरवली आणि नवी घालून घेतली. वहिनींना म्हणाले, मास्तरला कळू देऊ नको, कळलं तर तो माझ्यासंगं परत जेवायला बसायचा न्हाई. म्हणजे तीन वर्षं मी त्यांच्यापासून लपवत होतो आणि ते माझ्यापासून! मला हायसं वाटायला हवं होतं. पण मला दादांचा राग आला, चांगलाच आला. माफी मागायची होती मला, आणि या माणसाने ती मागायची सोयच ठेवली नाही. अजूनही तो राग गेलेला नाही, आणि मेलेल्या माणसावर रागवावं तरी कसं, तेही कळत नाही.

"पण वहिनी, दुसरा काहून खाल्ला?"

"मी बी हेच इचारलं. तर नुसते हसले." त्यांनी सूप बाजूला ठेवलं, पदराने हात पुसले. मग हळूच म्हणाल्या, "कसा लागत व्हता व्हो त्यो?"

त्या टोपलीतला मी चाखलाच नव्हता. तसं सांगितलं तर त्या माझ्याकडे बघत राहिल्या, जणू मी दादांचं काहीतरी तिकडेच विसरून आलो होतो.

"मग एकदा खाऊन या कुठंतरी. तुमाला माळ न्हाई. अन् मला येऊन सांगा."

मी हो म्हणालो. असलं काही नांदेडात मिळतं की पुण्याला जावं लागेल, कुणाला विचारायचं, काहीच ठाऊक नाही. पण हो म्हणालो.