बोर्डाचा फोटो

तासगाव भागात मी बेदाणा वाळवायच्या शेड उभारून देतो. एका व्यापाऱ्यानं चेक माझ्या फर्मच्या नावानं काढला, म्हणून सांगलीच्या बँकेत चालू खातं उघडायला गेलो.

"दुकानाच्या बोर्डाचा फोटो आणा," साहेब म्हणाले.

"साहेब, मला दुकान न्हाई. माझं काम लोकांच्या रानात असतंय."

"मग धंदा आहे हे कशावरून?"

चिडून घराच्याच दारावर पत्र्याचा बोर्ड ठोकला. खातं उघडलं. पुढच्या महिन्यात मीटर रीडिंगवाला बोर्ड बघून म्हणाला, "आता कमर्शिअल मीटर बसणार."

त्याच्यासमोरच शिव्या हासडत मी तो उतरवला. आता बोर्ड पलंगाखाली आहे. बँकवाले कवा पाहणीला येतील न्हाई सांगता येत, म्हणून बायको तो मोडीतही घालू देत नाही.