टस्कनीत आम्ही चौघं

रविवारी सकाळी रंकाळ्यावर चित्रं काढायला बसणारी आमची मंडळी. रंग वाळेपर्यंत चहा आणि चहाबरोबर किस्से. एवढ्या वर्षांत चित्रं बेताचीच झाली, किस्से मात्र वाढतच गेले. त्यातले निम्मे इटलीचे!

मार्तिना नावाची टस्कनीतली चित्रकार कोल्हापुरात तीन महिने राहिली होती. आमच्यातच बसून चित्रं काढायची. जाताना म्हणाली, "आमच्या गावात दर मे महिन्यात प्रदर्शन भरतं, या." असं कुणी म्हटलं की आपण 'येतो की' म्हणतो आणि विसरतो. पण २००३ साली आम्ही खरंच गेलो. मी आणि कांबळे सर, दोघंही ड्रॉइंग टीचर. जयसिंगपूरचे फ्रेमवाले अण्णा. आणि त्यांच्या मिसेस, पार्वतीअक्का.

* * *

पहिल्याच दिवशी फ्लॉरेन्समधलं मोठं म्युझियम. पुस्तकांत शंभरदा पाहिलेल्या एका चित्रासमोर मी भारावून उभा होतो. शेजारी कांबळे सर मान तिरकी करून बघत होते. जन्मभर इंटरमिजिएट परीक्षेची चित्रं तपासलेला माणूस.

"डावा हात जरा लांब झालाय," सर म्हणाले.

"सर, पाचशे वर्षांपूर्वीचं चित्र आहे."

"व्हय की. म्हणून तर ए ग्रेड दिली. न्हायतर बी."

* * *

अण्णांनी त्या म्युझियममध्ये चित्र असं एकही बघितलं नाही. ते फक्त फ्रेमा बघत होते. एका फ्रेमचा कोपरा कसा जोडलाय ते बघायला इतके वाकले की अलार्म वाजला. गार्ड धावत आला. अण्णांना इंग्रजी येत नव्हतं. त्यांनी नुसते दोन्ही तळहात पुढं केले. पटाशीचे जुने वण, बोटांवर घट्टे. गार्डनं ते हात नीट बघितले आणि कुणाला तरी फोन लावला.

आम्हाला वाटलं, आले पोलीस. आला तो एप्रन घातलेला एक म्हातारा, तिथल्या फ्रेमा दुरुस्त करणारा. मग दोघं त्या फ्रेमसमोर मांडी ठोकून अर्धा तास बोलत बसले. म्हातारा इटालियनमध्ये, अण्णा कानडीत.

परत आल्यावर मी विचारलं, "काय म्हणत होता?"

"त्योबी तेच म्हणतोय," अण्णा म्हणाले. "लोक चित्राचं कौतुक करत्यात, फ्रेमकडं कोण बघत न्हाय."

* * *

एका गावात जुन्या काळच्या पोशाखातली मिरवणूक होती. ढोल, निशाणं, मखमली झगे घातलेल्या बायका. त्या गर्दीत पार्वतीअक्का हरवल्या. तासभर शोधलं. अण्णा प्रत्येक गल्लीत डोकावून येत होते. म्हणाले, "तिला हितली भाषा येत न्हाय हो, भूक लागली तर काय करंल?"

तेवढ्यात मिरवणूक चौकात आली. दोन राण्यांच्या मधोमध, इरकल नेसलेल्या, हातात भलंमोठं निशाण धरलेल्या अक्का. लोक टाळ्या वाजवत होते.

"तू तिथं काय करालतीस?" अण्णांनी विचारलं.

"सगळी देवळाकडं निघाल्यात वाटलं. एकीनं हातात निशाण दिलं. एवढ्या मायेनं दिल्यावर न्हाय कसं म्हणायचं?"

* * *

शेवटी मार्तिनाच्या गावचं प्रदर्शन. पाहुण्यांनाही एकेक चित्र लावायची मुभा होती. कांबळे सरांनी आयुष्यभर शाळेच्या भिंतीवर पोरांची चित्रं लावली, स्वतःचं कधीच कुठं लावलं नव्हतं. आपल्या गावाहून, गडमुडशिंगीहून, त्यांनी एक वॉटरकलर गुंडाळून आणला होता. रानात उकिडवी बसून भुईमूग उपटणारी त्यांची आई. आईला जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. मार्तिनाकडून लाकूड घेऊन अण्णांनी फ्रेम करून दिली.

सकाळपासून लोक येत होते, त्या चित्राकडं एक नजर टाकून पुढं जात होते. सर कोपऱ्यात उभे. दुपारी मला म्हणाले, "लावायलाच नको होतं. परक्या मुलखात कुणाला काय कळणार हाय."

मग काठी टेकत एक म्हातारी आली. शेतकरी बाई, मार्तिनाच्या ओळखीची. त्या चित्रासमोर थांबली ती हलेचना. बऱ्याच वेळानं तिनं हे चित्र कुणाचं म्हणून विचारलं. मार्तिनानं सरांकडं बोट दाखवलं, चित्रातली बाई त्यांची आई म्हणून सांगितलं. म्हातारी सरांजवळ आली, वाकून स्वतःच्या दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवले आणि काहीतरी विचारलं.

मार्तिनानं ते मला इंग्रजीत सांगितलं, मी सरांना मराठीत. "सर, त्या विचारतायत, तुमच्या आईचे गुडघे कसे आहेत?"

सरांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत घातला.

"सांग त्यांना," सर म्हणाले, "आता दुखत न्हाईत."